पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून बोल्ट ठोकायला निघालेल्यांसाठी

“पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणजे प्रदूषणाच्या नियमापायी गळ्यात बांधलेलं लोढणं. काढून टाका, नळीत बोल्ट ठोका. मायलेज वाढेल, इंजिन आतून स्वच्छ राहील.” हा फॉरवर्ड आता भाच्यापर्यंत पोचलाय आणि तो पक्कड घेऊन तयारच होता. म्हणून हे.

लोढणं? पीसीव्ही म्हणजे पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन: क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ऑइलच्या भागातला, वायू ओढून काढायची सोय. प्रदूषणाचे नियम येण्याआधी, दुसऱ्या महायुद्धातच ही रचना रणगाड्यांना बसवली होती, पाण्यातून जाताना क्रँककेसमध्ये पाणी शिरू नये म्हणून. गाड्यांना तेव्हा खाली लोंबणारी उघडी नळी असे. ती नळी गाडी पळतानाच वाफ बाहेर ओढायची; गाडी उभी असली की वाफ आतच आणि ऑइलचा चिखल.

आता तो बोल्ट. पिस्टनच्या रिंगा नव्या असल्या तरी जळलेला थोडा वायू पिस्टनच्या कडेने खाली उतरतोच. सोबत पाण्याची वाफ, कच्चं पेट्रोल, आम्लं. व्हॉल्व्ह ते सगळं इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) व्हॅक्यूमवर ओढून जाळायला पाठवतो. वाट बुजवलीत की थोडा वायू ऑइल घेऊन उलटा एअर फिल्टरमध्ये जातो. उरलेला दाब कमजोर जागा शोधतो: टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग, डिपस्टिक, नाहीतर क्रँकचं मागचं ऑइल सील. ते सील बदलायला बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आणि इंजिन म्हणे स्वच्छ!

“हलवून खडखडला की व्हॉल्व्ह ठीक.” हे अर्धं खरं. आतला दट्ट्या (प्लंजर) मोकळा आहे एवढंच कळतं, स्प्रिंग मेलीय का ते नाही. रबरी पडद्याचा, डायफ्रॅमवाला तर खडखडतच नाही.

“कुठलाही बसतो.” बसतो, चालत नाही. स्प्रिंग आणि भोक त्या इंजिनाच्या मापाचं असतं. जास्त हवा सोडणारा लावलात तर आयडल (गाडी उभी असतानाची इंजिनाची गती) वरखाली होतं, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होऊन पी०१७१ हा बिघाडाचा कोड येतो.

डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) इंजिनात याच ऑइलच्या वाफेने इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन धरतो, हे मात्र कबूल. पण त्यावर नळी बुजवणं हा इलाज नव्हे.

बदलायचाच तर इंजिन थंड असताना. क्लिप मागे सरकवा, नळी आधी पिळून सैल करा, मग ओढा. व्हॉल्व्ह ज्यात बसतो ते जुनं रबरी कडं (ग्रोमेट) कडक होऊन तुटतं. तुकडे आत पडू देऊ नका. नव्या ग्रोमेटला ऑइलचं बोट लावा. बाण असेल तर तो मॅनिफोल्डकडे. नळी चिरलेली असेल तर ऑइल सोसणारीच घ्या. साधी नळी फुगून मऊ पडते आणि व्हॅक्यूमने चपटी होते. काही नव्या गाड्यांत हा व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरमध्येच असतो, तिथे अख्खं कव्हर बदलावं लागतं.

शेवटी आयडलवर ऑइलचं झाकण काढून तोंडावर कागद ठेवा. हलका चिकटला तर ठीक. उडाला तर आधी नळी तपासा, मग रिंगा.