सोंग बहुरूप्याचं, पेटी तुमच्या डोक्यावर

तुमची रविवारची दुपार रिकामी जात असेल आणि कुणी आपल्याला बरं म्हणावं ही हौस एव्हाना फिटली असेल, तर मशीन एम्युलेटर सांभाळायला घ्या. ओपन सोर्स असलेला. क्यूएमू नावाचा घ्या, म्हणजे जगाच्या पाठीवरचं कुठलंही बिघडलेलं यंत्र तुमच्या दारात येऊन बसेल. आणि घेणारच असाल तर मुख्य कोडच्या वाटेला जाऊ नका. भोवतालच्या स्क्रिप्ट्स घ्या, म्हणजे वरकाम करणारे छोटे प्रोग्राम. तिथे गर्दी नसते.

एम्युलेटर म्हणजे काय, हा प्रश्न पहिल्याच दिवाळीत येतो. उत्तर तयार ठेवा. मी मामांना फराळाच्या ताटासमोर सांगितलं, "मामा, बहुरूपी आठवतो? पोलिसाचा वेश करून दारात यायचा, शिट्टी फुंकायचा, वॉरंट आहे म्हणायचा? तसा हा प्रोग्राम. इंटेलच्या संगणकावर बसून एआरएमचं सोंग घेतो, पॉवरपीसीचं घेतो, सनच्या जुन्या स्पार्कस्टेशनचंही घेतो. आत चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमला वाटतं, आपण खऱ्या यंत्रावर आहोत."

"म्हणजे तू बहुरूपी."

"नाही. मी त्याची पेटी उचलते. टोपी, पट्टा, सेफ्टीपिना."

"पगार किती?"

"देत नाहीत."

"मग काढून टाकलं तर?"

"काढतही नाहीत."

मामांनी हातातली चकली खाली ठेवली. माझ्यासाठी स्थळं बघायचं त्यांनी त्या वर्षापासून बंद केलं, हा फायदा मी सुरुवातीलाच नमूद करते.

आता कामाचं बोलू. नवीन काही सुरू करण्याच्या फंदात पडू नका. सुरू करणारे वेगळ्या मातीचे असतात. फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थांनी २००३ मध्ये क्यूएमू लोकांपुढे ठेवलं. त्याआधी २००० मध्ये ते एफएफएमपेग सुरू करून बसले होते, ज्याच्यावाचून आज कुणाचा व्हिडिओ हलत नाही. पुढे २००९ च्या अखेरीस घरगुती संगणकावर गणितातल्या पाय (π) या संख्येचे जवळजवळ २.७ लाख कोटी अंक काढून त्यांनी विक्रम केला. अशा माणसाने गणपती बसवावा आणि पुढच्या गावाला जावं. वर्गणी, मांडवाचे खड्डे, लाइटवाल्याचं बिल, विसर्जनानंतरची झाडलोट यासाठी मंडळ लागतं. तुम्ही मंडळ व्हा.

मंडळात शिरायला कोड लिहावा लागत नाही. मी एका स्क्रिप्टच्या कॉमेंटमधलं चुकलेलं स्पेलिंग दुरुस्त केलं होतं. एक अक्षर. पुढचं सगळं त्या अक्षराने केलं.

क्यूएमूच्या फोल्डरात मेंटेनर्स नावाची एक फाइल असते, सोसायटीच्या जिन्याखाली सभासदांच्या नावांची पाटी असते तशी. कोडच्या प्रत्येक भागापुढे नाव आणि त्या भागाची अवस्था. 'सपोर्टेड' म्हणजे हे बघायचे कुणाला तरी खरोखर पैसे मिळतात. 'मेंटेन्ड' म्हणजे कुणीतरी हे खरोखर बघतं. दोन्ही व्याख्यांत 'खरोखर' हा शब्द आहे, आणि तो उगाच घातलेला नाही. 'ऑड फिक्सेस' म्हणजे माणूस आहे, पण अधूनमधून एखादा पॅच, म्हणजे कोडला ठिगळ, टाकण्यापलीकडे त्याला सवड नाही. आणि 'ऑर्फन' म्हणजे सध्या कुणी वाली नाही. पुढे कंसात सुचवलंय की नवा कोड लिहिताच आहात तर तुम्हीच का होत नाही? हा सूर मी फक्त वधू-वर सूचक मंडळाच्या फोनवर ऐकलाय.

पाटी वाचायचे कष्ट कुणी घेऊ नयेत म्हणून 'गेट मेंटेनर' नावाची पर्लमधली स्क्रिप्ट आहे. तिला फाइल दाखवा, ती माणूस दाखवते. वाली नसलेल्या फाइलवर ती गोंधळत नाही. मेंटेनर सापडले नाहीत, म्हणून अलीकडे हात लावलेल्यांची नावं छापते, असं सांगते आणि वर बजावते की यांना आंधळेपणाने पॅच पाठवू नका, अक्कल वापरा. नावं लोक वाचतात. बजावणी कुणी वाचल्याचं माझ्या पाहण्यात नाही. माझं एक अक्षर दुरुस्त होऊन आठ दिवस झाले नसतील, तोवर त्या स्क्रिप्टवरचे तीन अनोळखी लोकांचे पॅच माझ्या इनबॉक्समध्ये होते, आणि चौथा माणूस विचारत होता की उत्तराला इतका वेळ का लागतोय.

तर आता तुम्ही मेंटेनर आहात. अभिनंदन. कोठीघराच्या किल्ल्या घ्या.

कोठीत काय आहे, ते एकदा डोळ्यांनी बघा. क्यूएमूकडे साधा 'पीसी' मागितलात तर तुमच्या आजच्या दणकट सर्व्हरवर बसलेल्या गेस्टला, म्हणजे आत चालणाऱ्या सिस्टीमला, सांगितलं जातं की बाबा, तू इंटेलच्या ४४०एफएक्स चिपसेटच्या बोर्डावर आहेस. हा १९९६ चा माल. जरा आधुनिक हवं असेल तर क्यू३५ आहे, २००७ चं. ती या घरातली नवी सून. त्याहून मागे गेलात तर १९८४ च्या पीसी-एटीची एक गंमत भेटेल. जुन्या प्रोग्रामांना एक मेगाबाइटच्या पुढे गेलं की फिरून शून्यावर यायची सवय होती. ती मोडू नये म्हणून मेमरीची एकविसावी तार चालू-बंद करायची सोय हवी होती, आणि कीबोर्डच्या चिपचा एक पाय रिकामा सापडला. झालं. तेव्हापासून मेमरी कीबोर्डला विचारून मोकळी होते. त्या इंजिनिअरने तो पाय एका दुपारी वापरला असेल. सोंग वठवायचं म्हणून आपण तो आजही इमानेइतबारे वापरतो. बहुरूप्याला लंगड्या हवालदाराचं सोंग दिलं तर त्याने लंगडलंच पाहिजे.

त्यामुळे चूक सापडली की लगेच सुधारू नका, आधी ती कुणाची आहे ते ठरवा. खऱ्या यंत्राची असेल तर जपायची. आपली असेल तर सुधारायची, पण तीही जपून ठेवायची. हसू नका, असंच असतं. चालू गेस्ट न थांबता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवतात, आणि हलताना त्याला पायाखालची फरशी बदललेली कळता कामा नये. म्हणून यंत्रांना आवृत्त्या असतात. नव्या आवृत्तीत चूक नाही, जुनीत आहे, आणि जुनीत ती आहे ना हे सांगणारी एक नोंद यादीत तुम्हीच घालायची. स्वतःच्या चुकांची इतकी नीट दप्तरदारी आमच्या तलाठी कार्यालयातही होत नाही.

कुणी वापरत नाही असा कोड मात्र अगदी शेवटी वाचा. मे २०१५ मध्ये जाहीर झालेली 'व्हेनम' नावाची भेग फ्लॉपीच्या कंट्रोलरमध्ये होती. २००४ पासून तिथेच. आत भाड्याने राहणाऱ्या गेस्टला भिंत फोडून घरमालकाच्या खोलीत शिरता येईल, अशी. क्लाउडमध्ये फ्लॉपी कोण घालणार, असं म्हणून जे निर्धास्त होते त्यांना कळलं की फ्लॉपी बंद केली तरी दुसऱ्याच एका चुकीमुळे तो कोड जागाच राहतो. तेव्हा जुनं अडगळीचं सामान हल्लेखोराला वाचू द्या. त्याला आवड असते, आणि तुमचे कष्टही वाचतात.

पण हे झालं मुख्य सोंगाचं. त्यात निदान वलय आहे. तुम्ही आणि मी पेटीवाले, आपलं सामान शेल, पर्ल आणि पायथन अशा तीन भाषांत आहे.

'चेकपॅच' घ्या. पॅच नियमात बसतो का, हे बघणारी स्क्रिप्ट, लिनक्स कर्नलकडून उसनी आणलेली. कर्नलमध्ये ओळीच्या सुरुवातीला जागा सोडायला टॅब लागतो, क्यूएमूत सी भाषेतल्या कोडला टॅब चालत नाही, चार स्पेस लागतात. सासर-माहेरचं सोवळं वेगळं असतंच. ते आम्ही स्क्रिप्टलाही शिकवलं. ओळ ८० अक्षरांपुढे गेली की ती कुरकुरते, ९० पुढे गेली की भांडते. आणि ती स्वतः? उघडून बघा. टॅबांनी गच्च भरलेली आहे. मी एकदा ते सरळ करायचं मनात आणलं होतं. मग कुणीतरी मला आठवण करून दिली की असा पॅच टाकला तर 'अलीकडे हात लावलेल्यां'त माझं नाव पहिलं येईल. टॅब आहेत तिथे सुखात आहेत.

'कॉन्फिगर' ही दुसरी. बिल्डची, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम बनवायची, तयारी करणारी, हाताने लिहिलेली शेल स्क्रिप्ट. डिसेंबर २०२० च्या ५.२ आवृत्तीत बिल्डचं काम मेसन नावाच्या तयार साधनाकडे सोपवलं, तरी बाई दारात उभ्या आहेतच, कारण लोकांना 'कॉन्फिगर' म्हणायची सवय. २०२३ पासून ती बिल्डच्या आधी पायथनसाठी वेगळी खोली बांधून देते, आणि ती खोली बांधायला आणखी एक स्क्रिप्ट ठेवली आहे. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

स्क्रिप्टची दुरुस्ती कशी करावी, याचा एक नमुना देते. क्यूएमूच्या कोडच्या बाहेर, माझ्याच एका मदतनीस स्क्रिप्टमध्ये मजकूर बदलणारी 'सेड' ही कमांड वापरून फाइल जागच्या जागी बदलणारी एक ओळ होती. लिनक्सवर चोख. मॅकवाल्या एका गृहस्थांकडे फुटली, कारण मॅकवरचं सेड त्या पर्यायापुढे बॅकअपचं शेपूट मागतंच. मी शेपटाच्या जागी रिकामी अवतरणचिन्हं दिली. मॅक खूश. लिनक्स फुटलं, कारण तिथलं सेड त्या रिकाम्या जागेलाच हुकूम समजलं आणि खऱ्या हुकमाला फाइलचं नाव. रात्री अकराला दूध उतू गेलं, बाराला मी 'ही कुठली सिस्टीम' असं विचारणारी अट घातली, साडेबाराला बीएसडी या तिसऱ्याच सिस्टीमवाला आला. शेवटी आजोबांच्या पद्धतीने केलं: दुसऱ्या फाइलीत लिहायचं आणि तिचं नाव बदलायचं. बदल तीन ओळींचा. त्यावर अभिप्राय आला की तात्पुरत्या फाइलचं नाव जास्त अर्थपूर्ण ठेवता येईल का.

ठेवलं.

काही काढून टाकायचं असेल तर रीत पाळा. आधी दोन रिलीज नोटीस लावायची, मग काढायचं. २०२४ मध्ये निओस-२ आणि क्रिस हे प्रोसेसर असेच निरोप घेऊन गेले. नोटीस लागलेली असते तोवर कुणाचा आवाज नसतो. काढल्याच्या दुसऱ्या दिवशी एक माणूस उगवतो, ज्याच्या कारखान्यातलं एक यंत्र नेमकं त्याच पर्यायावर चालतं आणि ज्याने गेली दहा वर्षं अपडेट केलेलं नाही. तो तुम्हाला बेजबाबदार म्हणेल. माफी मागा. तो पुन्हा दहा वर्षं दिसणार नाही, एवढं समाधान पुरेसं आहे.

रिलीज वर्षाला ३, साधारण एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये. म्हणजे लग्नसराई, गणपतीची तयारी आणि वर्षाअखेरच्या सुट्ट्या. तुमच्या गैरहजेरीच्या सबबी आधीच जप्त. रिलीजआधीचा हार्ड फ्रीझ लागला की फक्त दुरुस्त्या घ्यायच्या असतात. नेमकी तेव्हाच लोकांना नवी वैशिष्ट्यं सुचतात आणि पत्राच्या विषयात ते 'दुरुस्ती' लिहितात. एआयने लिहिलेला कोड २०२५ पासून प्रकल्प घेत नाही, कारण पॅचखाली सही करणारा हा कोड देण्याचा हक्क मला आहे असं सांगत असतो, आणि तिथे ते छातीठोक कुणाला सांगता येत नाही. त्यामुळे फार नम्र पत्र आलं की संशय घ्यायचा, हे काम वाढलं. माझ्याकडे येणारी बहुतेक पत्रं तुसडी असतात. ती माणसांचीच, खात्री आहे.

आता बाहेर कसं पडायचं ते. एम्युलेटरमधून बाहेर पडणं सोपं आहे. नवशिक्या माणूस 'नो-ग्राफिक', म्हणजे वेगळी खिडकी न उघडण्याचा पर्याय, लावून आत जातो, कंट्रोल-सी दाबत राहतो, ते आतल्या गेस्टला पोचतं, आणि शेवटी तो टर्मिनलच बंद करतो. कंट्रोल-ए दाबायचं, सोडायचं, मग एक्स. एवढंच.

स्क्रिप्टमधून बाहेर पडायचं मी गेल्या दिवाळीत ठरवलं. रीतसर पॅच लिहिला, फाइलच्या माथ्यावर दोन ओळी घातल्या की ही आता दुसऱ्या कुणीतरी बघावी. पाठवायचा कुणाला, म्हणून गेट मेंटेनरला विचारलं. तिने नेहमीसारखं बजावलं, आंधळेपणाने पाठवू नका, अक्कल वापरा, आणि खाली एकच नाव छापलं.

माझं. मी पॅच मला पाठवला. अजून रिव्ह्यूला वेळ मिळालेला नाही.