नव्या पुस्तकाच्या घोषणेपेक्षा पुनर्मुद्रणाची बातमी मोठी

एखाद्या स्वतंत्र कॉमिक्स प्रकाशकाची आगामी हंगामाची यादी जाहीर झाली की आपल्या कॉमिक्सप्रेमी मित्रमंडळींत नव्या मुखपृष्ठांची देवाणघेवाण सुरू होते. त्याच यादीच्या शेवटी, बारीक अक्षरांत, जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणाच्या दोन-चार ओळी असतात आणि त्यांच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. माझे मत थोडे उलटे आहे. छोट्या प्रकाशकाची खरी कमाई, त्याचे धाडस आणि त्याची चिकाटी त्या बारीक ओळींत दिसते, आणि यादी वाचायची तर तिथून वाचायला सुरुवात करावी.

मी हे अमेरिकेतील फँटाग्राफिक्स या प्रकाशनसंस्थेचे उदाहरण समोर ठेवून म्हणतो आहे. या संस्थेची सुरुवात १९७६ मध्ये झाली. गॅरी ग्रॉथ आणि माइक कॅट्रन या दोन तरुणांनी कॉमिक्सच्या चाहत्यांसाठी निघणारे एक रडतखडत चाललेले नियतकालिक ताब्यात घेतले आणि त्याचे रूपांतर 'द कॉमिक्स जर्नल' या समीक्षेच्या मासिकात केले. अतिमानवांच्या मारामाऱ्यांपलीकडे या माध्यमाला काही म्हणायचे असू शकते, असा त्या मासिकाचा आग्रह होता आणि त्याची भाषा इतकी तिखट होती की अर्धे कॉमिक्सविश्व त्याच्यावर नाराज असे. (दुसऱ्यांच्या पुस्तकांची साले काढणाऱ्याने स्वतः प्रकाशन काढले की काय होते, याची मराठीतील उदाहरणे वाचकांनी आपापली आठवावीत.) १९८२ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातील एर्नान्देझ बंधूंचे 'लव्ह अँड रॉकेट्स' हे कॉमिक छापायला घेतले आणि समीक्षकांचे प्रकाशक झाले. १९८९ पासून ही संस्था सिअॅटल शहरात आहे. एक काळ असा होता की उत्तम साहित्य छापण्याचा खर्च भागावा म्हणून तिला १९९० मध्ये प्रौढांसाठीच्या कामुक कॉमिक्सची वेगळी मालिका काढावी लागली. हा तपशील संस्थेने कधी लपवला नाही आणि मला त्यात काही गैरही वाटत नाही.

आता पुनर्मुद्रणाकडे वळतो, कारण प्रकाशकाची खरी कसोटी इथे लागते. नवे पुस्तक छापताना प्रकाशकाच्या बाजूने उत्सुकता असते, परीक्षणे येणार असतात, लेखक मुलाखती देणार असतो. जुने पुस्तक पुन्हा छापताना यातले काहीच नसते. ऑफसेट छपाईत प्रती वाढवल्या की दर प्रतीचा खर्च खाली येतो, म्हणून जास्त छापण्याचा मोह होतो. आणि जास्त छापले की गोदामाचे भाडे, अडकलेला पैसा आणि न विकल्या गेलेल्या गठ्ठ्यांचा भार डोक्यावर बसतो. फँटाग्राफिक्सने याचा फटका चांगलाच खाल्ला आहे. एक वितरक दिवाळखोर झाल्याने बुडालेली रक्कम आणि अंदाज चुकून गरजेपेक्षा अधिक छापलेली पुस्तके या दोन्हींमुळे २००३ मध्ये संस्था बंद पडण्याच्या बेतात होती. तेव्हा त्यांनी वाचकांना उघड आवाहन केले की आम्हाला ८० हजार डॉलरांची निकड आहे, देणगी नको, आमची पुस्तके विकत घ्या. वाचकांनी घेतली. गोदामात पडून असलेल्या जुन्या पुस्तकांनीच संस्थेला तारले, हे मला त्या घटनेतील सर्वांत महत्त्वाचे वाटते.

पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, चार्ल्स शुल्झ यांच्या 'पीनट्स' या चित्रपट्टीचे समग्र खंड निघू लागले. चार्ली ब्राउन आणि स्नूपी यांची ही पट्टी १९५० ते २००० अशी जवळजवळ पन्नास वर्षे रोज वर्तमानपत्रांत येत होती. प्रत्येक खंडात दोन वर्षांच्या पट्ट्या, वर्षाला दोन खंड, असे करत पंचवीस खंड आणि वर एक पुरवणी खंड २०१६ पर्यंत पूर्ण झाला. एखादा वाचक नवव्या खंडापासून सुरुवात करतो आणि मग त्याला पहिला हवा असतो. त्यामुळे बारा वर्षे चालणारी मालिका हाती घेणे म्हणजे पहिला खंडही बारा वर्षे बाजारात ठेवण्याची जबाबदारी घेणे होय. त्या खंडांच्या विक्रीतून जे स्थैर्य आले, त्याच्या बळावर ज्यांचे नावही कोणी ऐकले नव्हते अशा चित्रकारांची पुस्तके निघू शकली. म्हणून कोणतीही यादी वाचताना मी आधी पाहतो की यातले कोणते पुस्तक घर चालवते आहे आणि कोणते पुस्तक त्या घरात पाहुणे म्हणून आले आहे.

अशी एक पाहुणी म्हणजे चित्रकार एमिल फेरिस. चाळिशीत डास चावून झालेल्या वेस्ट नाइल विषाणूच्या संसर्गाने त्यांच्या शरीराचा खालचा भाग लुळा पडला आणि चित्र काढणारा उजवा हातही निकामी झाला. हाताला पेन चिकटपट्टीने बांधून त्या पुन्हा रेघा मारायला शिकल्या. साध्या बॉलपेनाने, शाळेच्या रेघी वहीच्या पानांवर काढल्यासारखी त्यांची 'माय फेव्हरिट थिंग इज मॉन्स्टर्स' ही प्रचंड जाडीची चित्रकादंबरी अनेक प्रकाशकांनी नाकारली होती. फँटाग्राफिक्सने ती घेतली, छापली आणि २०१६ च्या शरद ऋतूत ती बाजारात येणार असे जाहीर केले. नेमकी तेव्हाच हानजिन ही कोरियन जहाजकंपनी दिवाळखोरीत निघाली आणि पुस्तकांच्या प्रती घेऊन निघालेले जहाज पनामा कालव्यापाशी अडकून पडले. पुस्तक अखेर फेब्रुवारी २०१७ मध्ये आले, गाजले, कॉमिक्ससाठीच्या २०१८ च्या आयस्नर पुरस्कारांत अग्रभागी राहिले. त्याचा दुसरा भाग २०२४ मध्ये निघाला. या सात वर्षांत पहिला भाग पुन्हा पुन्हा छापला गेला नसता तर दुसऱ्या भागाला वाचक कुठून मिळाला असता?

माझ्या म्हणण्याला सर्वांत बळकट आधार मात्र जो सॅको यांच्या 'पॅलेस्टाइन'चा आहे. १९९१-९२ च्या हिवाळ्यात हा मूळचा माल्टाचा पत्रकार-चित्रकार व्याप्त पॅलेस्टाइनमध्ये फिरला आणि परत येऊन १९९३ पासून त्याने नऊ अंकांत तो प्रवास चितारला. त्या पातळ अंकांची विक्री बेताचीच होती आणि व्यवहार पाहणारा कोणीही तिसऱ्या-चौथ्या अंकावर थांबला असता. प्रकाशक थांबला नाही. २००१ मध्ये पॅलेस्टिनी-अमेरिकन विचारवंत एडवर्ड सईद यांच्या प्रस्तावनेसह सगळे एका खंडात आले आणि पुस्तक जगभर पोहोचले. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर गाझामध्ये युद्ध पेटले, तेव्हा जगभरच्या वाचकांनी हे तीस वर्षांपूर्वीचे काम शोधायला सुरुवात केली, प्रती संपल्या आणि तातडीने नवे मुद्रण करावे लागले. त्या हंगामात या प्रकाशकाची सर्वांत मोठी बातमी कोणती, असे मला कोणी विचारले तर मी हीच सांगेन, यादीतील कोणत्याही नव्या पुस्तकाची नाही.

प्रकाशनपूर्व सवलतीत पुस्तक नोंदवण्याची पद्धत मराठी वाचकाला नवी नाही. तिकडे तिचे आधुनिक रूप लोकवर्गणीच्या संकेतस्थळांवर दिसते. जून २०१३ मध्ये फँटाग्राफिक्सचे दुसरे आधारस्तंभ किम थॉम्पसन यांचे निधन झाले. युरोपीय कॉमिक्स निवडणे, त्यांचे संपादन आणि अनेकदा अनुवादही तेच करत. त्यामुळे त्यांनी हाती घेतलेली पुस्तके रखडली आणि हंगामाच्या उत्पन्नात भगदाड पडले. संस्थेने अशाच एका संकेतस्थळावर दीड लाख डॉलरांचे आवाहन केले आणि दोन लाख वीस हजारांहून अधिक जमले. पैसा उभा राहिला. एका माणसाच्या नजरेची भरपाई पैशाने होत नाही, हे वेगळे.

वितरणाचे संकट आजही मिटलेले नाही. अमेरिकेत कॉमिक्सची खास दुकाने दोन महिने आधी यादी पाहून मागणी नोंदवतात आणि घेतलेला माल सहसा परत करता येत नाही, त्यामुळे दुकानदार अनोळखी नावावर पैसे लावायला कचरतो. या दुकानांना माल पुरवणारी, एके काळी जवळजवळ मक्तेदार असलेली डायमंड ही संस्था १४ जानेवारी २०२५ रोजी दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. पुढे तिच्या गोदामात प्रकाशकांनी केवळ विक्रीसाठी ठेवलेला माल विकून सावकाराचे देणे भागवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा छोट्या प्रकाशकांत खळबळ उडाली, आणि ती रास्तच होती. तो माल म्हणजे मुख्यतः जुनी पुस्तकेच. फँटाग्राफिक्सची पुस्तके सर्वसाधारण ग्रंथदुकानांत डब्ल्यू. डब्ल्यू. नॉर्टन या मोठ्या संस्थेमार्फत जातात, म्हणून तिला दुसरा पाय टेकायला जागा आहे. ज्यांना तशी जागा नाही त्यांच्यापुढे जुनी पुस्तके छापून ठेवायची कुठे, हाच प्रश्न आहे.

आपल्या जवळचा विचार करायचा तर नवयान या छोट्या, जातिविरोधी भूमिकेच्या प्रकाशनाने २०११ मध्ये काढलेली दोन पुस्तके माझ्या डोळ्यांसमोर येतात. 'भीमायन'मध्ये दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचे पाणी, निवारा आणि प्रवास यांविषयीचे अनुभव चौकटींत कोंबायला नकार देऊन आपल्या परंपरेच्या वाहत्या आकृत्यांत मांडले. 'अ गार्डनर इन द वेस्टलँड'मध्ये श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनन यांनी जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'चा आजच्या काळाशी सांधा जोडला. दोन्हींचा विषय महाराष्ट्राच्या मातीतला आहे. अशा पुस्तकांचे कौतुक प्रकाशनाच्या वर्षी भरपूर होते, पण पंधरा वर्षांनी महाविद्यालयात आलेल्या मुलीला ती दुकानात मिळतात का, यावर माझ्या लेखी त्यांचे यश ठरते.

म्हणून छोट्या प्रकाशकांकडे माझे एवढेच मागणे आहे की पुनर्मुद्रणांना यादीच्या पहिल्या पानावर जागा द्या, सोबत प्रकाशनाचे मूळ वर्ष आणि कितवे मुद्रण ते लिहा, आणि संपलेल्या पुस्तकापुढे नुसते 'उपलब्ध नाही' असे न छापता ते पुन्हा निघणार आहे की नाही तेही सांगा. पुन्हा निघणार असेल तर आगाऊ पैसे भरून वाट पाहायला माझ्यासारखे बरेच जण तयार आहेत.