वृद्धाश्रमात जिलबी नको, पगाराचं बघा

पितृपक्ष लागला की आमच्या वृद्धाश्रमाचा फोन थांबत नाही. आईची तिथी आहे, जेवण द्यायचंय, वाढायला आम्हीच येणार आणि सोबत जिलबी. आता रोज जिलबी म्हटल्यावर शुगरवाल्या आजी-आजोबांनी काय करायचं? नको म्हणावं तर माणूस दुखावतो.

मी तिथले हिशोब बघतो म्हणून सांगतो, जेवणाची आम्हाला अडचण नाहीच मुळी. धान्य, तेल, चादरी, साड्या लोक भरभरून देतात. अडतं ते पगारापाशी. रात्री कुशीवर वळवायला, डायपर बदलायला मावशी लागतात आणि कमी पगारात रात्रपाळीला कोण टिकणार? लाइट बिल, गच्चीचं वॉटरप्रूफिंग यालाही कोणी देत नाही, कारण त्यावर नावाची पाटी लावता येत नाही ना!

त्यात ते कायम ठेवीचं त्रांगडं. एकदा अकरा हजार द्यायचे, मुद्दलाला आम्ही हात लावायचा नाही आणि व्याजातून दरवर्षी त्या तारखेला सगळ्यांना जेवण, यावच्चंद्रदिवाकरौ. एफडीला साडेआठ टक्के मिळायचे तेव्हा वर्षाला 935 रुपये यायचे, साडेपाचवर आले की 605. भाजी, गॅस मात्र वरच चाललेत. वरचे पैसे ट्रस्टच घालतो आणि फळ्यावर नाव देणगीदाराचं.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर खर्च करायचा पैसा, तो घ्या म्हणतात सगळे. 2013 च्या कंपनी कायद्यात वृद्धाश्रम बसतो, खरंय, पण कंपन्यांना फोटो निघेल असं काहीतरी हवं असतं, म्हणजे लिफ्ट मिळते आणि तिचा मेंटेनन्स आमच्या गळ्यात. 80जी, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीचं पण तेच, ती फक्त जुन्या कर रचनेत, आणि 2023-24 पासून नवीच डिफॉल्ट झालीय, त्यामुळे नोकरदार लोक विचारतात पावतीचा फायदा काय.

माझं मत विश्वस्तांना पटत नाही तरी लिहितो. ज्यांची मुलं चांगली कमावतात त्यांच्याकडून पूर्ण खर्च घ्या, त्यातून बिनपेन्शनवाल्यांचं भागवा. महिना माणशी 25,000 पर्यंत आमच्यासारख्या नोंदणीकृत ट्रस्टला जीएसटी पण नाही. "सेवा आहे, धंदा नाही" हे ऐकायला बरं वाटतं हो, पण एक तारखेला मावशींच्या हातावर काय ठेवायचं?

आणि देणगी देणार असाल तर पावतीवर 'कायम निधी' नको, 'सर्वसाधारण निधी' लिहायला सांगा. तो पगाराला वापरता येतो.