शिल्लक दिसली म्हणून वर्गणी जादा ठरत नाही

ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या नौकाविहार क्लबांच्या सभासदांमध्ये एक विधान वारंवार फिरते: ‘क्लबला नफा कमवायचा नाही, तरी दरवर्षी शिल्लक उरते आणि बँकेत ठेवी साठतात, म्हणजे वर्गणी जादा घेतली जाते, ती कमी करा.’ यात तीन गृहीतके आहेत.

पहिले, ना-नफा संस्थेकडे शिल्लक उरताच कामा नये. प्रत्यक्षात बंधन असते ते शिल्लक सभासदांनी वाटून घेण्यावर. ती उरण्यावर नव्हे. हा मुद्दा इथेच संपतो.

दुसरे, उरलेली दिसते ती रक्कम खरोखरच उरलेली असते. खरी गोम येथे आहे. फक्त रोखीचा जमाखर्च पाहिला, तर मोठी दुरुस्ती न निघालेले प्रत्येक वर्ष भरभराटीचे वाटते. पण त्याच वर्षी शिडांचे कापड उन्हाने विरत असते, नांगराच्या साखळ्या झिजत असतात आणि धक्क्याचे पोलादी खांब लाटांचे पाणी उडते त्या पट्ट्यात गंजत असतात. घसारा, म्हणजे या झिजेपोटी दरवर्षी मांडायचा खर्च, धरला की यातली बरीच शिल्लक विरघळते. शिवाय घसारा सहसा मूळ खरेदी किमतीवर काढतात, नवी वस्तू मात्र त्या दिवसाच्या भावाने घ्यावी लागते. महागाई वर्षाला ६ टक्के राहिली, तर आज १०० रुपयांना होणारे काम १२ वर्षांनी सुमारे २०० रुपयांना होते. ठेवींवरचे व्याज ही दरी काही अंशी बुजवते खरे, पण ठेवीच ठेवल्या नाहीत तर व्याज कुठले? मग एकरकमी विशेष वर्गणी मागावी लागते, आणि ती भरणाऱ्यांत स्वस्त वर्गणीचा लाभ घेऊन निघून गेलेले सभासद नसतात.

तिसरे, बँकेतला सगळा पैसा मोकळा असतो. त्यात नौका ठेवण्याचे आगाऊ भाडे, परत द्यायच्या अनामती आणि विशिष्ट कामासाठीच दिलेल्या देणग्या असतात. आजीव सभासदत्वाची रक्कम तर सर्वांत फसवी, कारण ती एकदाच येते आणि सेवा अनेक दशके द्यावी लागते. ती त्याच वर्षाचे उत्पन्न म्हणून खर्च करणे म्हणजे बियाणे दळून खाणे होय.

राखीव निधी कशासाठी व किती, हे कार्यकारिणी सांगत नसेल, तर सभासदांची शंका रास्त आहे. मात्र तेव्हा वार्षिक सभेत वर्गणीकपातीचा ठराव मांडण्याआधी प्रत्येक मालमत्तेचे उरलेले आयुष्य आणि ती बदलण्याचा आजचा खर्च दाखवणारा तक्ता मागावा.