माझी दांडीयात्रा

जुने आर्केड गेम, म्हणजे नाणं टाकून खेळायचे ते, घरीच खेळता यावेत म्हणून यंत्र बनवायला घेतलं, तेव्हा वाटलं होतं की अवघड भाग कॉम्प्युटरचा असणार. तो एका दुपारीत उरकला. पत्त्यांच्या कॅटाएवढं रास्पबेरी पाय नावाचं कॉम्प्युटर, त्यात जुन्या यंत्रांची नक्कल करणारा प्रोग्राम (एम्युलेटर), माळ्यावरचा जुना मॉनिटर, झालं काम. आता फक्त दांडी (जॉयस्टिक हो!) आणि बटणं निवडायची राहिली होती. त्या 'फक्त'ने माझे चार महिने खाल्ले.

पहिला प्रश्न, दांडी चार दिशांची घ्यायची की आठ? मी बिनधास्त आठची घेतली. आठात चार आल्याच की! गणित बरं असलेल्या माणसांचं हे असं होतं. पॅकमॅन हा 1980 सालचा गेम चार दिशांच्या दांडीसाठी बनलेला. माझ्या दांडीच्या पोटातही स्विच चारच, पण ती कोपऱ्यात गेली की शेजारचे दोन एकदम दाबले जातात. 'वर जा' आणि 'उजवीकडे जा' असे दोन हुकूम एकाच वेळी आले की त्यातला पिवळा गोळा दोन साहेबांच्या तावडीत सापडलेल्या कारकुनासारखा वागतो. कोणाचं ऐकायचं ते कळेना म्हणून नाकासमोर चालत राहतो. वळण मागे पडतं आणि पुढून भूत येतं.

उपाय आहे, नाही असं नाही. दांडीच्या बुडाशी प्लास्टिकची चौकट असते, तिला गेट म्हणतात. ती फिरवून लावली की कोपरे बंद होतात आणि पॅकमॅन सरळ वागतो. पण मग 1991 चा स्ट्रीट फायटर टू रुसतो, कारण खालून पुढे पाव वर्तुळ फिरवल्याशिवाय त्यातला आगीचा गोळा सुटत नाही. म्हणजे दर वेळी गेम बदलला की पॅनल, म्हणजे दांडी-बटणांची फळी, पालथं घाला, स्क्रू काढा, गेट फिरवा. तोवर खेळायची हौसच फिटते.

मग माझ्या डोक्यात आलं की प्रत्येक गेमला त्याची त्याची दांडी देऊ! इथून माझी वाट चुकली. क्यूबर्टला चार दिशा, पण दांडी 45 अंशांत तिरकी बसवलेली. रोबोट्रॉनला दोन दांड्या, एक चालायला आणि एक गोळ्या झाडायला. अ‍ॅस्टरॉइड्सला दांडीच नाही, नुसती पाच बटणं. टेम्पेस्टला गरागरा फिरणारी मूठ. सेंटिपीडला ट्रॅकबॉल, म्हणजे तळहाताने फिरवायचा चेंडू. सगळं कागदावर मांडलं तेव्हा कागदाला कागद चिकटवत गेलो आणि शेवटी नकाशा जमिनीवर अंथरावा लागला. बायको तो ओलांडून जाताना म्हणाली, "हे उडणार कधी?"

जड अंतःकरणाने कात्री चालवली. सगळ्यात शेवटी गेला ट्रॅकबॉल. त्याचं दुःख अजून आहे. राहिली एक आठ दिशांची दांडी, सहा बटणं (तीन ठोसे, तीन लाथा), एक स्टार्टचं आणि एक नाणं टाकल्याचं सोंग करायचं. त्या शेवटच्या बटणाबद्दल माझं मत वाईट आहे. फुकटची नाणी कितीही टाकता येत असली की मरणाची भीतीच राहत नाही.

पॅनलसाठी भक्कम हवं म्हणून 18 मिलिमीटरचं प्लायवूड आणलं. दांडी खालून बसवली आणि पाहतो तर काय, वर नुसता दांडीच्या टोकाचा गोळा! पाण्यात गळ्यापर्यंत उभ्या असलेल्या माणसासारखा तो माझ्याकडे बघत होता. प्लायवूडची जाडी दांडीने गिळली होती. मग खालून पटाशीने लाकूड कोरत बसलो. बटणांनी वेगळाच सूड घेतला. अमेरिकन पद्धतीच्या बटणांना साधारण 28 मिलिमीटरचं भोक लागतं आणि जपानी पद्धतीच्यांना 30 चं. मी 28 ची भोकं पाडून ठेवली होती आणि खोक्यातून निघाली 30 वाली. दोन मिलिमीटर म्हणजे किती, हे कानस हातात घेतल्याशिवाय कळत नाही. सहावं भोक घासताना इतका तल्लीन झालो, की ते बटण आता हलत्या दातासारखं डगडगतं. जोरदार लाथ नेमकी त्याच बटणावर आहे.

शेवटी तारा. वरच्या बाजूचा स्विच 'वर'ला जोडला, खालचा 'खाली'ला. यात चुकण्यासारखं काय आहे? एवढंच, की दांडी मधोमध टेकलेली असते. गोळा पुढे ढकलला की तिचं बुडातलं टोक मागे जातं आणि मागचा स्विच दाबतं. वर म्हटलं की पॅकमॅन खाली, डावीकडे म्हटलं की उजवीकडे. कपाळावर हात मारून स्क्रूड्रायव्हर शोधायला गेलो.

तो सापडायला दोन दिवस लागले. तोवर मुलगी खेळत होती. उलट्या दांडीवर, आठ दिशांच्या, गेट न फिरवता. ती दांडी इतक्या हलक्या हाताने टिचकवते की कोपऱ्यात जातच नाही. तिचा स्कोअर पाहिला आणि माझ्या चार महिन्यांच्या अभ्यासाची मला कीव आली.

"सरक जरा, तारा सुलट करतो."

"बाबा, नको ना! मला आता असंच जमतं."

स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवलाय. ती झोपली की मी रोज अर्धा तास उलट्या दांडीचा सराव करतो. कालपर्यंतची प्रगती : पहिल्या वळणावर भिंत.