कर्णा कुठाय?

आमच्या घरात सत्तावीस तबकड्या होत्या आणि वाजवायला यंत्र नव्हतं. होतं एके काळी, आजोबांचं. पण सांगलीचं घर सोडताना आजीने ते मोडीत घातलं आणि आलेल्या पैशांत स्टीलची कळशी घेतली. कळशी अजून आहे. आत्या आजही तिच्या आईची, म्हणजे आजीची, बाजू घेते. म्हणते, "कळशीला कधी चावी द्यावी लागली नाही."

लाखेच्या सत्तावीस तबकड्या ट्रंकेत नुसत्या पडून आहेत, हे म्हणजे बँकेत खातं आहे पण सही जुळत नाही, तसलं दुःख. म्हणून मी ग्रामोफोन घ्यायचं ठरवलं. नुसतं ठरवून थांबलो असतो तर बरं होतं, पण मी अभ्यास केला. तीन महिने. पहिल्याच रात्री कळलं की आपण सरसकट ज्याला फोनोग्राफ म्हणतो तो एडिसनचा, १८७७ सालचा, नळकांड्यावर वाजणारा. चपटी तबकडी आणली ती बर्लिनरने, दहा वर्षांनी, आणि त्या यंत्राचं नाव ग्रामोफोन. हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती.

"मग आपल्याला यातलं कोणतं हवंय?"

"ग्रामोफोन."

"मग त्या दुसऱ्याचं कशाला सांगताय?"

अभ्यासू माणसाला घरात श्रोता मिळत नाही, तो चोरबाजारात मिळतो.

मटण स्ट्रीटवर पितळी कर्णे असे ओळीने तोंड पसरून उभे असतात की धोत्र्याला बहर आलाय असं वाटावं. एका दुकानात शिरलो. दुकानदार वयस्क, दाढी मेंदीने रंगवलेली, समोर कटिंग. मी एका कर्ण्याकडे बघितलं न बघितलं तोच म्हणाला, "अठराशे सत्तावन का पीस है, साहब."

म्हणजे एडिसनच्याही आधी वीस वर्षं. झाशीच्या राणीने यावर काय ऐकलं असेल, असा विचार करत मी पेटीकडे वळलो. पेटीवर ते प्रसिद्ध चित्र, कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेला कुत्रा. आता हे चित्र चित्रकाराने मुळात फोनोग्राफसकट काढलं होतं. १८९९ मध्ये तो खोडून त्या जागी ग्रामोफोन रंगवला. म्हणजे हा कुत्रा बेचाळीस वर्षं आधीच येऊन बसला होता. इमानदारी म्हणतात ती हीच.

मग मी अभ्यास बाहेर काढला. कर्णा बोटाने वाजवून बघितला, तर परातीसारखा पातळ. पेटी हुंगली. शंभर-सव्वाशे वर्षांच्या लाकडाला ताज्या पॉलिशचा वास येत होता. खाली वाकून बघतो तर स्क्रूच्या डोक्यांवर फुली. जुन्या यंत्रांना एकाच आडव्या खाचेचे स्क्रू असतात. फुलीवाले फार नंतर आले. तबकडी फिरवणाऱ्या चकतीखाली डोकावलो, तर यंत्र तेवढं जुनं, कुठल्या तरी मोडक्या पोर्टेबलचं काढून बसवलेलं. म्हणजे काळीज आजोबांचं आणि बाकी सगळं नातवाचं.

मी हे एकेक मोठ्याने सांगत गेलो. दुकानदाराने शांतपणे चहा संपवला आणि "सुन तो लो" म्हणत त्यावर आरतीची एलपी, म्हणजे प्लास्टिकची तबकडी, लावली. माझ्या पोटात गोळा आला. एलपी मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्यांची, ही चकती अठ्ठ्याहत्तरची. त्यात या यंत्राच्या मुंडीचं वजन शंभर ग्रॅमच्या पुढे आणि तिला पोलादी सुई. दोन-तीन ग्रॅमच्या सुईची सवय असलेल्या प्लास्टिकवर ती नांगरासारखी चालली. आरती म्हणणाऱ्या सगळ्यांची शेवटची लोकल सुटत असावी, अशा घाईत सुखकर्ता-दुःखहर्ता पार पडलं.

"असली चाहिए?" दुकानदाराने विचारलं. आवाजात माझ्याबद्दल आदर होता की कीव, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. "असली दिखने में कुछ नहीं होता, साहब."

त्याने पोटमाळ्यावरून एक काळी बॅग उतरवून घेतली. हो, बॅगच. कापडाने मढवलेली, कोपरे झिजलेली, धरायला मूठ. झाकण उघडलं आणि मी ओळखलं. एचएमव्ही १०२, १९३१ साली बाजारात आलेलं पोर्टेबल. कर्णा आहे, पण पेटीच्या पोटात लपवलेला. उजव्या बाजूला चावी, कोपऱ्यात सुया ठेवायची छोटी फिरती डबी, आणि डबीत आधीच्या मालकाच्या अकरा गंजक्या सुया. त्या अकरा सुया बघून मी विरघळलो. घासाघीस करताना माणसाने विरघळू नये, हे आमच्या आजीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

तरी परीक्षा घेतलीच. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर, म्हणजे दहा सेकंदांत तेरा फेऱ्या. चकतीच्या मखमलीवर खडूने खूण केली, घड्याळ बघितलं आणि मोजायला लागलो. सातव्या फेरीला चहावाला पोऱ्या मध्ये आला. पुन्हा. नवव्या फेरीला दुकानदार म्हणाला, "बारा हजार लगेगा," आणि मी "दहा" म्हणालो. त्यामुळे नऊनंतर बारा आले की दहा, कळेना. तिसऱ्या खेपेला बरोबर तेरा भरल्या. साडेनऊ हजारांत सौदा ठरला. एक मामुली गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. मी मोजलं ते रिकाम्या चकतीवर.

सँडहर्स्ट रोडला डोंबिवलीची गाडी पकडली. बॅगेला तांदळाच्या दहा किलोंच्या पिशवीहून कमी वजन नव्हतं. ती पोटाशी धरून उभा होतो तर डब्याच्या आतल्या बाजूने झांजा ऐकू आल्या. संध्याकाळची भजनी मंडळी. एका काकांची नजर माझ्या काळ्या बॅगेवर गेली आणि त्यांनी सरकून जागा केली.

"या बुवा, बसा. आमचा पेटीवाला आज आलाच नाही. काढा पेटी."

ही ती पेटी नव्हे, असं सांगेपर्यंत ठाणं आलं. वाजवता येत नाही म्हणून लाजतोय, अशी त्यांनी समजूत करून घेतली. शेवटी दिवा स्टेशनापर्यंत मी टाळ वाजवले.

घरी बायकोने बॅग बघितली. "शिलाई मशीन? अहो, पण आपल्याकडे आहे ना." मी झाकण उघडलं. ती बराच वेळ बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "कर्णा कुठाय?"

तो प्रश्न त्या दिवसापासून सुरू झाला. शेजारी, दूधवाला, मुलाचे मित्र, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांनी विचारला. कर्णा आतच आहे, असं मी सांगतो. कर्णासारखाच जन्मापासून दडवलेला, असा विनोदही करतो. तो आत्तापर्यंत एकालाही कळलेला नाही.

उद्घाटनाला आत्या आली. वय चौऱ्याऐंशी. मी ट्रंकेतून बालगंधर्वांची तबकडी काढली, चावी दिली, सुई टेकवली. आधी कढईत जिरं तडतडल्यासारखी खरखर, मग आवाज. माझ्या अंगावर काटा आला. आत्याच्या कपाळावर आठी.

"अरे, गंधर्वांना मिशा फुटल्यात का?"

आयुष्यभर शालू नेसून स्त्रीभूमिका केलेले गंधर्व माझ्या यंत्रावर पडशाने घसा बसलेल्या तलाठ्यासारखे गात होते. मी तेरा फेऱ्यांचं गणित सांगितलं. आत्याने ऐकूनच घेतलं नाही. "रिकामा टांगा कुणीही पळवेल. सुई टेकली की ओझं येतं, तेव्हा मोज." तिने चष्मा वर केला, वेगाचा खटका बोटाने शोधला आणि कान देत देत केसभर सरकवला. गंधर्वांच्या मिशा उतरल्या. तिने आणखी केसभर सरकवला, मान डोलावली आणि हात काढून घेतला. खडू नाही, घड्याळ नाही.

तबकडी संपली. मी उलटी करून लावायला गेलो तर हातावर चापट बसली.

"सुई?"

"आत्ताच तर लावली, आत्या."

"एका बाजूला एक सुई. बाबांनी मला चार चापट्या मारून शिकवलंय, तू एकीत शीक."

मला हे वाचून माहीत होतं. लाखेत दगडाची पूड मिसळलेली असते, ती पहिल्या काही फेऱ्यांत सुईला घासून खाचेच्या मापाची करते. तीन मिनिटांनी सुईची धार अशी होते की पुढची बाजू ती वाजवत नाही, सोलते. माहीत होतं, पण सुयांची किंमतही माहीत होती. आत्याने वापरलेली सुई उचलली, नखावर घासून बघितली आणि कचऱ्यात टाकली. काटकसरीत मुरलेल्या बाईने टाकलेली ती मी बघितलेली पहिली वस्तू.

एवढ्यावर सगळं सुखात चाललं असतं. पण आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली आणि मेव्हण्याने भेट आणली. खोका चांगला कमरेएवढा. "दाजी, तुम्हाला आवड आहे म्हणून मुद्दाम शोधून आणलं. अठराशे सत्तावनचं आहे." आत पितळी कर्णा, चकचकीत पेटी, पेटीवर कुत्रा. मी वाकून बघितलं. फुलीचे स्क्रू.

तो कर्णा आता दिवाणखान्यात टीव्हीशेजारी असतो. बायको दर रविवारी त्याला पितांबरी लावते. त्यातून आवाज येत नाही. महिन्याभरातच त्याची कमान, म्हणजे चावीची स्प्रिंग, धाडकन तुटली आणि सगळ्यांना वाटलं गॅसचं सिलिंडर फुटलं. माझं १०२ पलंगाखाली, हिवाळी रजयांच्या शेजारी.

परवा मेव्हणाच त्याच्या साहेबांना घेऊन आला. कर्ण्याशेजारी उभं राहून दोघांचे फोटो झाले. "वाजवा की, दाजी," तो म्हणाला. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी पलंगाखालून बॅग ओढली, कुणाचं लक्ष नसताना कर्ण्यामागच्या पडद्याआड ठेवली, नवी सुई लावली आणि हिराबाई बडोदेकरांची तबकडी सोडली.

साहेबांनी डोळे मिटले, पितळी कर्ण्यात डोकं घातलं आणि हाताने मेव्हण्याला जवळ बोलावलं.

"ऐक, ऐक. हा आवाज त्या पेटीबिटीतून नाही यायचा. त्याला कर्णाच लागतो."