काळं ऑइल, जाड ऑइल आणि गटारात ओतलेलं ऑइल

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो: गॅरेजवाल्याला पैसे कशाला, इंजिन ऑइल घरीच बदला. एवढ्यापुरता तो मला मान्य आहे. नवी मुंबईत, नेरुळला आमच्या पार्किंगमध्ये मी माझ्या गाडीचं ऑइल स्वतःच बदलतो. पण त्याखालच्या चार सूचना इंजिनाचं तरी वाटोळं करतील, नाहीतर खाडीचं.

'ऑइल काळं पडलं की संपलं.' रंगावरून हे ठरत नाही. काजळी इंजिनाच्या भागांवर बसू नये, ऑइलमध्येच तरंगत राहावी म्हणून त्यात मुद्दाम रसायनं घातलेली असतात. डिझेल गाडीत नवं ऑइल काहीशे किलोमीटरमध्येच काळं होतं, म्हणजे ते काम करतंय. उलट रोज दोन किलोमीटर, स्टेशनपर्यंत सोडून परत, एवढीच धावणारी गाडी नीट तापतच नाही. पाण्याचा अंश आणि पेट्रोल ऑइलमध्ये साठत जातं, आणि ते दिसायला सोनेरी असलं तरी बिघडलेलं असू शकतं. म्हणून मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात. जे आधी भरेल ते धरायचं.

'आपल्याकडे थंडी नाही, तेव्हा जाड २०डब्ल्यू-५०च घाला.' ऑइलच्या या ग्रेडमध्ये डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या ऑइलचा असतो, डब्ल्यूनंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती घट्ट राहतं ते सांगतो. चालून तापलेल्या इंजिनातलं ऑइल मे महिन्यात काय, जानेवारीत काय, साधारण तेवढंच गरम असतं. नव्या इंजिनांत बेअरिंगमधली फट अगदी बारीक असते, व्हॉल्व्हचं टायमिंगही ऑइलच्या दाबावर फिरतं. ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या इंजिनात जाड ऑइल तिथे वेळेवर पोहोचत नाही. ज्या जुन्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्येच २०डब्ल्यू-५० लिहिलंय, तिथे ते खुशाल घाला. आणि कारचं उरलेलं ऑइल गिअरच्या बाइकमध्ये ओतू नका. बाइकचा क्लच बहुतेक वेळा ऑइलमध्येच बुडालेला असतो, तो घसरू लागतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची जपानी मानकं) आहे का ते बघा.

'फिल्टर एकाआड एक वेळ बदलला तरी चालतो.' फिल्टर तुंबला की त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट इंजिनात फिरतं. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. साडेतीन लिटर नवं ऑइल घालून जुना फिल्टर ठेवणं मला तरी पटत नाही. नवा बसवताना जुन्याचं रबर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना ते बघा, नव्याच्या रबराला ऑइलचं बोट लावा, आणि पान्याने नव्हे, हाताने आवळा.

गाडी वॉरंटीत असेल तर आधी पुस्तिका वाचा. बहुतेक कंपन्यांची अट अधिकृत सर्व्हिसची असते. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, कितीही घाई असली तरी, शिरू नका. खाली आधाराला स्टँड लावायलाच हवेत.

चौथ्या सूचनेने मात्र मला खरंच राग येतो: 'जळकं ऑइल गटारात सोडा, डास मरतात. उरलेलं झाडाभोवती ओता, वाळवी लागत नाही.' ऑइलच्या थराखाली डासांच्या अळ्या गुदमरतात, हे खरं. पण त्याच अळ्या खायला महापालिका जे गप्पी मासे सोडते, त्यांचाही जीव तो थर घेतो. जळक्या ऑइलमध्ये धातूंचे कण आणि कर्करोगाला कारण ठरणारी संयुगं असतात. ती झाडाच्या मुळाशी कशाला?

शिवाय नवी मुंबईतलं पावसाळी गटार शुद्धीकरण केंद्रात जात नाही. त्यातलं पाणी धारण तलावांत (भरतीच्या वेळी पावसाचं पाणी अडवून ठेवणाऱ्या तळ्यांत) आणि तिथून ठाणे खाडीत जातं. २०१५ साली तिथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ साली ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरलं. फ्लेमिंगो ज्या चिखलात चोच घालून शेवाळ गाळून खातात, त्याच चिखलात हे ऑइल जाऊन बसतं.

कायद्यानेही वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. मी ते नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात नरसाळ्याने भरतो. जुना फिल्टर रात्रभर पालथा ठेवून निथळू देतो. मग दोन्ही गॅरेजमध्ये नेऊन देतो. तिथे ऑइल पिंपात साठवून पुनर्प्रक्रियेला देतात. नेण्यापूर्वी गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारा: पिंप कोण उचलतं? परवानाधारक पुनर्प्रक्रियावाल्याचं नाव त्याला सांगता आलं नाही, तर डबा दुसऱ्या गॅरेजमध्ये न्या.